चौकटीबाहेरचा चढ

ट्रॉम्ब्यात वाढलेल्या माणसाच्या अल्बमात माणसं फार आणि जागा कमी. डोंगर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणात, एका अंगाला नौदलाचा डेपो, दुसऱ्या अंगाला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, आणि मान वळवावी तिकडे छायाचित्रणाला मनाई करणारी पाटी. आमच्या वडिलांचा क्लिक थ्री कॅमेरा बारशी, सत्यनारायण आणि कोळीवाड्याच्या जेट्टीवर उन्हाने डोळे बारीक करून उभा असलेला काका यांच्यापलीकडे कधी गेला नाही. 1956 साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, 1976 साली जनता कॉलनी उठवून माणसं चित्ता कॅम्पात नेऊन टाकली, खाडीत फ्लेमिंगो येऊ लागले. एवढी उलथापालथ होऊनही ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन फोटो शेजारी ठेवावेत म्हटलं, तर आमच्याकडे ‘तेव्हा’चाच पत्ता नाही. त्यामुळे असेल, दुसऱ्यांच्या गावांचे जुने फोटो घेऊन नेमक्या त्याच जागी जाऊन उभं राहायचं, हा नाद मला निवृत्तीनंतर लागला.

इटलीचं खूळ डोक्यात शिरलं ते मात्र माणगावमुळे. गोव्याच्या रस्त्याला लागलं की माणगाव येतं, तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. घाडगे मूळचे त्याच तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि 10 जुलै 1944 रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारले गेले, वयाच्या बाविसाव्या वर्षी. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणात जाता-येता तो पुतळा मी लहानपणापासून पाहिला होता, पण तिबेर हे नाव रोमच्या इतिहासातलं. भाताच्या खाचरांत वाढलेला पोरगा तिथल्या डोंगरात काय करत होता, असा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही.

1943 ते 1945 या काळात इटलीत हिंदुस्थानी फौजेच्या तीन डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. माणसं पन्नास हजारांच्या घरात. त्यांतली 5,782 परत आली नाहीत. त्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले 6 हिंदुस्थानी सैनिकांना, आणि त्या सहांत दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. एक घाडगे. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव. घाडग्यांचं खोरं आणि जाधवांची नदी यांच्यामध्ये आपेनाइन पर्वताची रांग आहे. माझा भाचा सौरभ बोलोन्याला पीएचडी करतो, त्याच्याकडे एक जुनी छोटी गाडी आहे. मग काय पाहायचं! चेंबूरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या आकारात प्रिंट काढून घेतल्या. त्याने एकेक फोटो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “मॅडम, सिनेमाचं शूटिंग आहे का?”

फोटो बहुतेक ब्रिटिश लष्कराच्या छायाचित्रकारांनी काढलेले. अशा हजारो निगेटिव्ह लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने जपून ठेवल्या आहेत. माझ्याकडच्या प्रिंटांखालच्या ओळी वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. गावाचं नाव असतं, तारीख असते, तोफेचा प्रकार अगदी हटकून असतो. माणसं मात्र ‘हिंदुस्थानी सैनिक’ एवढ्यावर आटोपलेली. मराठा, शीख, गुरखा हे चेहऱ्यांवरून आणि फेट्या-टोप्यांवरून आपणच ओळखायचं.

सुरुवात फ्लॉरेन्सपासून केली, कारण तिथला फोटो सगळ्यांना ठाऊक असलेला: आर्नो नदीवर पोंते वेक्यो हा जुना पूल शाबूत उभा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दगडविटांचे डोंगर. ऑगस्ट 1944 च्या सुरुवातीला एका रात्रीत माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले. हा एक वाचवला, पण त्यावरून रणगाडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही तोंडांवरची जुनी घरं सुरुंग लावून रस्त्यावर आडवी पाडली. आम्ही शेजारच्या सांता त्रिनिता पुलावर उभे राहिलो. प्रिंट हातात धरून डोळ्यासमोर आणली. सौरभ म्हणाला, “मावशी, इथे तर काहीच झालं नाही असं वाटतं.”

खरंच, काही घडलंसं वाटत नाही. ज्या पुलावर आम्ही उभे होतो तोसुद्धा त्या रात्री पाण्यात गेला होता. नदीतले दगड काढून, जुन्या बरहुकूम, 1958 पर्यंत तो पुन्हा उभा केला. पुलाच्या कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत, त्यांतल्या वसंताचं मुंडकं तेवढं सापडत नव्हतं. ते 1961 साली नदीच्या तळातून वर आलं आणि धडावर बसवलं गेलं. मानेपाशी बारीक सांधा दिसतो म्हणतात. गर्दीत मला तो शोधता आला नाही. पोंते वेक्योच्या दोन्ही टोकांना मात्र सरळसोट, दागिने न घातलेल्या बाईसारख्या दिसणाऱ्या इमारती आहेत, युद्धानंतरच्या. फ्लॉरेन्सचे लोक त्यांना नाकं मुरडतात. मला त्या आवडल्या. साऱ्या नदीकाठी, इथे काहीतरी घडलं होतं, हे कबूल करणाऱ्या तेवढ्याच.

इथली माणसं दुकानात शिरताना आधी नमस्कार करतात, मग वस्तू मागतात. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात दोन्ही एकदमच होतं: “अर्धा किलो रवा, आणि काय म्हणता!” कॉफी उभ्याने, दोन घोटांत, काउंटरला टेकून. बसून प्यायली तर दर वाढतो. दुपारी जेवणानंतर मी दुधाची कॉफी मागितली तेव्हा काउंटरमागच्या बाईने दिली खरी, पण दह्यात साखर घालून त्यावर लसणीची फोडणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आपण जसं पाहू तसं पाहिलं. आणि पाव! तोस्कानातल्या पावात मीठच नसतं. पहिला घास घेतल्यावर सौरभ माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला होता.

शहराच्या नैऋत्येला, द्राक्षमळ्यांमधून वळणं घेत, मोंतेगुफोनी नावाचा एक वाडावजा किल्ला येतो. तेव्हा तो सिटवेल या इंग्रज घराण्याचा होता. युद्धात उफ्फीत्सी संग्रहालयातली उत्तमोत्तम चित्रं शहराबाहेर हलवून अशा वाड्यांमधून ठेवली होती. जुलै 1944 च्या अखेरीस आघाडी इथे पोचली आणि वाड्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची माणसं येऊन राहिली. बीबीसीचा बातमीदार विनफर्ड व्हॉन-थॉमस आणि लेखक एरिक लिंक्लेटर सैनिकांना भेटायला म्हणून आले आणि दालनांत डोकावले, तर भिंतींना टेकवून ठेवलेली चित्रं. त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’. त्यांत पाओलो उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई: भाले, उधळलेले घोडे, पडलेले स्वार. उफ्फीत्सीचा ग्रंथपाल चेझारे फासोला आघाडी ओलांडत पायी इथे येऊन या चित्रांजवळ राहिला होता. आसपासच्या गावचे लोकही जीव वाचवायला तळघरांत येऊन बसले होते. वर चित्रं, खाली माणसं, अंगणात मराठे, आणि तोफा चालूच.

आता तिथे लग्नं लागतात आणि सुट्टीला आलेल्यांना खोल्या भाड्याने मिळतात. आवारात खुर्च्या मांडण्याचं काम चाललं होतं. काम पाहणाऱ्या बाईंना सौरभने इटालियनमधून आमचं प्रयोजन सांगितलं. त्यांनी प्रिंट हातात घेतली नाही, हात ओले होते. पण मान तिरकी करून नीट पाहिली आणि आम्हाला अंगणात पाच मिनिटं सोडलं. मी त्या पायऱ्यांवर बसून विचार करत होते की साताऱ्या-रत्नागिरीकडच्या, वीस-बावीस वर्षांच्या, गेले कित्येक महिने चिखलातून चालत आलेल्या पोरांना ‘प्रिमावेरा’तल्या फुलं उधळणाऱ्या बाईकडे पाहून काय वाटलं असेल. लिंक्लेटरला काय वाटलं ते त्याने लिहून ठेवलंय, व्हॉन-थॉमसनेही सांगितलंय. आमच्या माणसांच्या पत्रांतून लष्करी सेन्सॉरने काय काय गाळलं आणि गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवताना काय काय गाळलं, याचा हिशेब कोण करणार?

आग्नेयेला वळून उम्ब्रियात शिरलो तेव्हा माझ्या प्रिंटांनी दगा द्यायला सुरुवात केली. फोटोत टेकड्या उघड्या. नांगरलेल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, बांधावर एखाद-दुसरं झाड, चढावर दगडी घर, घराकडे जाणारी खेचरांची वाट स्पष्ट. समोर पाहावं तर सगळं ओकच्या रानात बुडालेलं. वाट नाही, पायऱ्या नाहीत, घर असलंच तर छत कोसळून आतून झाड वर आलेलं. आपल्याकडे जुने फोटो पाहून उसासा टाकायचा तो उलट कारणासाठी: तेव्हा किती हिरवं होतं! मानखुर्दच्या मिठागरांवर आणि चेंबूरच्या बागांवर काय उभं राहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे माणूस मागे हटला आणि रान पुढे आलं. या टेकड्या अर्धेलीने कसल्या जायच्या, निम्मं पीक मालकाला आणि निम्मं कुळाला. 1964 च्या कायद्याने तसे नवे करार बंद झाले, आणि त्याच्या आधीपासूनच पोरं शहरातल्या कारखान्यांकडे निघाली होती. म्हणजे युद्धाच्या फोटोत जी उजाड वाटणारी टेकडी आहे ती तोफांनी उजाड केलेली नव्हे. ती पोटासाठी कसलेली आहे. हे कळायला मला दोन-तीन जागा चुकाव्या लागल्या. मग इमारती आणि झाडं सोडून दिली. क्षितिजावरची डोंगराची रेघ आणि जमिनीचा उतार, एवढंच धरून चालू लागले. ते दोन जुळले की जागा सापडतेच. पायदळाच्या शिपायालाही बहुधा त्या दोहोंशीच कर्तव्य असतं.

घाडग्यांच्या खोऱ्यातलं मोंतोने हे गाव टेकडीच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत. गाडी खाली ठेवून चढायचं. गल्ल्या दगडी आणि इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने दारात शिरावं. चौकाला पंधराव्या शतकातल्या इथल्या भाडोत्री सेनापतीचं, फोर्तेब्राच्चोचं, नाव आहे. दुपारी दोन वाजता सगळं चिडीचूप. साडेचारनंतर एकेक खुर्ची बाहेर येऊ लागली. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन दारात बसतात, पण रस्त्याकडे पाठ आणि घराकडे तोंड करून. आमच्या कोळीवाड्यात जवळा निवडत बसलेल्या बायका नेमक्या उलट्या बसतात, रस्त्यावरचं एक माणूस नजरेतून सुटू नये म्हणून. मी सौरभला म्हटलं, यांना शेजाऱ्यांत रस नाही की काय? तो म्हणाला, “मावशी, समोरासमोर बसल्यात ना, दोघी मिळून दोन्ही बाजू बघतायत.”

रात्री जेवायला तोर्ता अल तेस्तो. जाड गोल तव्यावर भाजलेली, बोटभर उंचीची भाकरी, मधून चिरून आत पालेभाजी आणि चीज भरलेली. ती थापणारी बाई मी निरखून पाहिली. पीठ गव्हाचं, थापण्याऐवजी लाटणं, पण तवा तापलाय का हे पाहायला तिने चिमूटभर पीठ तव्यावर टाकलं आणि ते किती वेळात करपतं ते पाहिलं. तवा दाखवायला सांगितल्यावर ती खूश झाली. भारतातल्या भाकरीचा व्हिडिओ मी फोनवर दाखवला, तेव्हा हातावर फिरवून थापण्याची करामत पाहून तिने आतल्या दोघींना बोलावलं. घाडग्यांचं नाव तिला माहीत होतं. ‘घाद्गे’ म्हणाली. जुलै 2023 मध्ये गावात त्यांच्या स्मरणार्थ घड्याळ उभारलं, सूर्याच्या सावलीवर चालणारं. भारताच्या राजदूत आणि इथले महापौर आले होते. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्याशी जोडलेलं आहे. माणगावातल्या माणसाला पुतळा हवा असतो, फेटा, मिशी, हातात बंदूक. इथल्या लोकांनी सावलीचं घड्याळ केलं. घाडग्यांच्या घरच्यांना कुठलं जवळचं वाटेल, मला सांगता येणार नाही. मला स्वतःला पुतळा. चेहरा तरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोऱ्याच्या कडेने हिंडलो. खाली तिबेर नदी. इथे तिचं पात्र आपल्या माणगावच्या काळ नदीहून फार मोठं नाही. काठाने तंबाखूची शेतं आणि पानं वाळवायची उंच कोठारं. वर चढाला लागलं की झाडी. 1944 च्या उन्हाळ्यात या खोऱ्यातून दहावी डिव्हिजन उत्तरेकडे सरकत होती. तिचा सेनापती डेनिस रीड हाही एक नमुनाच. 1941 साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर इटालियन फौजेविरुद्ध घाडग्यांचीच मराठ्यांची तिसरी पलटण घेऊन तो लढला होता. पुढे वाळवंटात पकडला गेला, युद्धकैदी म्हणून इटलीत आला, निसटला, आणि आता त्याच देशात डिव्हिजन घेऊन फिरत होता, हाताखाली पुन्हा तीच पलटण.

10 जुलैला त्या पलटणीच्या एका कंपनीने जोरदार संरक्षण असलेल्या ठाण्यावर हल्ला केला. घाडगे एका रायफल सेक्शनचे प्रमुख. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. पुढचं सन्मानपत्रात नोंदलेलं आहे. ते एकटे मशीनगनच्या दिशेने धावले. ग्रेनेड फेकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले. टॉमीगनने आणखी एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून मारलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या आणि त्याच जागी ते गेले. त्यांची कबर सापडलेली नाही. नाव दक्षिणेला कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतलं.

या सगळ्याचा फोटो नाही. असणार कसा? माझ्या पिशवीतल्या सगळ्या प्रिंट एका रांगेत मांडल्यावर ते दिसायला लागलं. छायाचित्रकार जीप जिथवर जाते तिथवर जातो, फार तर खेचराच्या वाटेने थोडा पुढे. रसदीच्या रांगा, पुलाचं काम, चहा, जखमींना उतरवणं, जिंकलेल्या गावात मुलांना उचलून घेतलेला शिपाई, सगळं त्याला मिळतं. डोंगर नेहमी समोर, चौकटीच्या वरच्या भागात, धुरकट. माणसं डोंगराकडे पाठमोरी जाताना दिसतात. वरून खाली पाहणारा, म्हणजे मशीनगनच्या बाजूने काढलेला फोटो माझ्याकडे एकही नव्हता. जी जागा शोधायला मी आले होते ती प्रत्येक फोटोत होती आणि कुठल्याच फोटोत नव्हती. मग मी प्रिंट पिशवीत घातली आणि सौरभला म्हटलं, चल, चढून बघू. ओकच्या मुळांमधून, कुठल्याशा जुन्या पायरीच्या दगडांवरून आम्ही पंधराएक मिनिटं चढलो असू. मला धाप लागली, पाण्याची बाटली संपली, आणि खालचा रस्ता, जिथे उभं राहून फोटो काढला असावा तो, झाडांआड गेला. एवढा चढ, पाठीवर ओझं नसताना. पळत, समोरून गोळ्या येत असताना किती होईल ते मला मोजता येईना.

आपेनाइन ओलांडला आणि दुसरंच राज्य आलं. रोमान्या सपाट, गुळगुळीत, पैसेवाला प्रदेश. पीच, नाशपाती, द्राक्षं, सगळं दोरीवर आखल्यासारखं. बोलणंही चढ्या आवाजात. उम्ब्रियातल्या माणसाला आपण प्रश्न विचारला की तो विचार करतो. इथला माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो आणि मग आपल्यालाच तीन विचारतो. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

फोर्लीच्या हिंदुस्थानी युद्धस्मशानभूमीत थोडा वेळ थांबलो. पाचशेच्या आसपास कबरी, आणि ज्यांचं दहन झालं अशा साडेसातशेहून अधिक जणांच्या नावांचं स्मारक. गवत बारीक कापलेलं, दगडांची रांग कुठेही वाकडी नाही. भिंतीतल्या छोट्या धातूच्या पेटीत भेट देणाऱ्यांची वही. काही दगडांवर नागरी अक्षरं. नावांमागे आडनाव क्वचितच, बापाचं नाव आणि गाव. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगाव, वाचत गेलं की एसटी स्टँडवरच्या पाट्यांमधून चालल्यासारखं वाटायला लागतं. इथे फोटो जुळवण्यासारखं काही नव्हतं. युद्धाच्या वेळी ही बागच नव्हती.

लुगो गावाने त्यांचा योद्धा कसा सांभाळलाय ते पाहण्यासारखं आहे. फ्रांचेस्को बाराक्का, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, मूळचा इथला. चौकात त्याचा पुतळा आणि मागे विमानाच्या पंखासारखा प्रचंड उंच स्तंभ. त्याच्या विमानावर उसळता काळा घोडा रंगवलेला असे. तो घोडा पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारीला मोटारीवर लावायला सुचवला. आज जगात कुठेही लाल फेरारी दिसली की लुगोचा घोडा दिसतो. निमजच्या नामदेव जाधवांना अशी फेरारी भेटली नाही. ते युद्धातून जिवंत परतले आणि 1984 साली वारले. लुगोपासून त्यांची नदी हाकेच्या अंतरावर आहे.

त्याआधी पियादीना खाल्ली. रस्त्याच्या कडेला रंगीत पट्ट्यांची टपरी, आत दोन बाया, एक लाटतेय, एक भाजतेय. ही उम्ब्रियातल्या भाकरीहून पातळ, पोळीच्या अंगाची, आत मऊ पांढरं चीज आणि रुकोलाचा पाला. टपरीवर वकील, ट्रकवाला आणि शाळकरी पोरं एकाच रांगेत, आपल्या वडापावच्या गाडीसारखी. फरक इतकाच की रांग मोडून कुणी “एकच द्या हो, सुटे आहेत” म्हणत नाही.

सेनिओ ही नदी म्हणायची तर म्हणायची. उन्हाळ्यात पाणी कंबरेएवढंही नसेल. पण तिच्या दोन्ही काठांना वीस-पंचवीस फूट उंचीचे मातीचे बांध आहेत, कारण डोंगरातून येणारा गाळ साठून तिचं पात्र शेतांहून उंच झालंय. खाडीला लागून राहणाऱ्या माणसाला बांधाचं महत्त्व समजावून सांगायला नको. 1944–45 च्या हिवाळ्यात आघाडी इथे येऊन थांबली आणि वसंत येईपर्यंत हलली नाही. दोन्ही फौजांनी बांध आतून पोखरले, बिळं केली, सुरुंग पेरले. माझ्या प्रिंटमध्ये बांधाचा उतार आहे, खोदलेली तोंडं, वाळूच्या पिशव्या, तारा, पाय दुमडून बसलेले सैनिक, आणि अगदी डाव्या कडेला एका पडक्या घराचा कोपरा. आज तिथे बांधाच्या माथ्यावरून सायकली चालतात. गवत. कुत्र्याला फिरवणारे लोक. जवळच्या आल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, बिळं आणि बांध कसे होते ते तिथे समजतं. एरवी नुसता बांध पाहून काही कळू नये, इतका तो निरुपद्रवी दिसतो.

9 एप्रिल 1945 ला आठव्या डिव्हिजनने हा बांध घेतला. मराठ्यांच्या पहिल्या पलटणीचे जाधव कंपनीचे निरोप्ये होते. पूर्वेकडच्या बांधावरच्या हल्ल्यात त्यांची छोटी तुकडी जवळजवळ कापली गेली. दोन जखमी माणसांना त्यांनी मारा चालू असताना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत गेले आणि शत्रूची तीन मशीनगन ठाणी संपवली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा ग्रेनेड वापरले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. सपाट मुलखात पंचवीस फूट उंचीवर उभा राहिलेला माणूस कुठून कुठून दिसतो ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. शेतांपलीकडची चर्चची शिखरं मोजता येतात. म्हणजे ती शिखरंही तुम्हाला मोजू शकतात.

सौरभ खाली उतरून शेताच्या कडेला उभा राहिला आणि तिथून ओरडला, “मावशी, वारा उलटा आहे, नीट ऐकू येत नाही!” त्या ओरडण्याने बांधावरून येणारं एक वयस्क जोडपं थबकलं. मी प्रिंट पुढे केली. नवऱ्याने चष्मा काढून ती नाकाजवळ नेली, बायकोने त्याच्या खांद्यावरून. सैनिकांकडे दोघांनी पाहिलंच नाही. सौरभ वर येईपर्यंत त्यांचं काय चाललंय ते मला कळेना. मग त्याने ऐकून सांगितलं की डावीकडचा पडक्या घराचा कोपरा नवऱ्याच्या मते त्याच्या मामाचा गोठा, आणि बायकोच्या मते तिच्या आजोळचं घर, कारण चूल त्या बाजूला होती. मे 2023 च्या पुरात बांध फुटला तेव्हाही पाणी आधी कुणाकडे शिरलं यावरून दोघांचं असंच वाजलं होतं म्हणे. त्या पुराच्या दिवसांत कोतिन्योला, लुगो, कोन्सेलिचे, सगळीकडे घराघरांत चिखल होता. मी 26 जुलै 2005 चं सांगितलं, एका दिवसात मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस. सौरभने आकडा इटालियनमध्ये सांगितला. नवऱ्याने तो दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. बायकोने तेवढ्यात प्रिंट त्याच्या हातातून काढून घेतली होती. चुलीच्या जागी बोट ठेवून ती सौरभला काहीतरी बजावून सांगत होती, आणि तो मान डोलावत होता. पलीकडच्या बांधावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईलाही तिने हाक मारली, साक्षीला.